काचेपलीकडून आलेली साद

मित्रांनो, मी एक म्हातारा बेडूक आहे. म्हातारा असलो तरी तुमच्या अंगठ्याच्या नखावर मावेन एवढाच. आता एका दमट खोलीत, काचेच्या पेटीत राहतो.

माझा जन्म डोंगरातल्या झऱ्याकाठी झाला. आमच्यात अंडी बाप राखतो. पानावरची अंडी वाळू नयेत म्हणून माझे वडील त्यांना अंगाशी धरून बसत. संध्याकाळ झाली की सगळा काठ बोलू लागे. गारगोटीवर गारगोटी आपटावी तसा आमचा आवाज. त्या गलक्यात शेजाऱ्याचं ऐकूच येत नसे.

मग कातडीचा रोग आला. आम्ही पाणी पितो ते कातडीनेच, श्वासही बराचसा तिनेच घेतो. शेजारी दगडावर बसायचे ते बसूनच राहायचे. हाक मारावी तर हूं नाही की चूं नाही. त्यातच झऱ्याचं पाणी कुणीतरी नळाने ओढून नेलं. वडील कोरड्या पानाला चिकटूनच गेले.

एके दिवशी एक संशोधक बाई आल्या. त्यांनी पानन् पान उलटून पाहिलं. सापडलो तो मी एकटा.

रोग मलाही लागला होता, पण बाईंनी इथे पेटीत आणलं आणि औषधाने मी बरा झालो. खोलीची देखभाल करणाऱ्या मावशी मला बारीक किडे घालत, पाणी शिंपडत. पण माझी वाचाच बसली होती. एका संध्याकाळी काचेपलीकडून साद आली, आमच्याच बोलीतली. माझ्या जिवात जीव आला. रोज ती साद थांबे तिथे मी सुरू करू लागलो. नवल एवढंच, की मी काहीही विचारलं तरी पलीकडून तेच ते येई.

मावशींनी विचारलं, "बाई, ह्याला सोबती मिळाला वाटतं?"

"नाही हो मावशी. रोग येण्यापूर्वी झऱ्यावर ह्यांचे आवाज रेकॉर्ड केले होते. हा बोलता राहावा म्हणून लावते."

"म्हणजे ते सगळे..."

"हो. त्यातलं कुणीच नाही आता."

मावशींनी हातातली बाटली खाली ठेवली. "मग बंद करा ते. तो गप्पा मारतोय त्यांच्याशी."

त्यातला एक आवाज वडिलांसारखा का वाटे, ते मला तेव्हा कळलं.

बाईंनी यंत्र बंद केलं. मित्रांनो, ती शांतता मला खायला उठली. मग समोर कुणी नसताना मीच बोलू लागलो. बाईंनी ते टिपून घेतलं, बूट औषधाच्या पाण्यात धुतले आणि माझा आवाज ऐकून कुठे कुणी ओ देतं का, ते पाहायला त्या दूरदूरचे झरे धुंडाळायला गेल्या.

"आलं का कुणी?" त्या परतल्यावर मावशींनी विचारलं.

"एका ठिकाणी उत्तर आल्यासारखं वाटलं. पाण्याचाही आवाज असेल. पुन्हा जाईन."

मित्रांनो, डोंगरात जाताना तुम्हीही बूट धुऊन जा, रोग चिखलातूनच चालत येतो. झऱ्याचं पाणी झऱ्याला राहू द्या. आणि कुठे बाईंच्या यंत्रातून माझा आवाज आला, तर लगेच पुढे जाऊ नका. माझं बोलून होईपर्यंत थांबा, त्यानंतरही थोडं थांबा. मी तिथे नाही. उत्तर आलं, तर ते तुम्हालाच ऐकावं लागेल.