खाली पडलेला घास

मेलेल्या भावाचा हेवा करतो म्हणून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. माझ्या घरी रोज जेवायला बसला असतात तर तुमचीही अन्नावरची वासना उडाली असती.

आमच्या दरीत रीत आहे. जेवताना जे खाली पडेल ते वीराचं. उचलायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही. आणि आमच्या दरीचा वीर कोण, तर माझा थोरला भाऊ लॅम्पोन. दलदलीतल्या दोन तोंडांच्या रानडुकरिणीला मारता मारता गेला, असं सगळे सांगतात. त्याच्या थडग्यावरून जाताना म्हातारेकोतारेही बोलणं थांबवतात. दर वसंतात तिथे काळा मेंढा कापून रक्त मातीत सोडतात. गेल्या वर्षी एक गवई आला, त्याने तर डुकरिणीला तिसरं तोंडही लावून दिलं. त्याच्या बापाचं काय जातंय!

मेलिता त्याची ठरलेली नवरी. तो गेल्यावर वर्षाने तिने माझ्याशी लग्न केलं. त्याला अकरा वर्षं झाली. संसारात नाव ठेवावं असं काही नाही, पण जेवताना तिच्या हातून घास पडतो. रोज पडतो. आणि तो जवाच्या भाकरीचा करपलेला तुकडा कधीच नसतो. अंजीर पडेल ते मधात बुडवलेलं, मासा पडेल तो पोटाकडचा. "पडला बाई," म्हणते आणि जमिनीकडे बघत राहते. मी आपला जवाची भाकरी मोडत राहतो.

खरं काय घडलं ते एकट्या मला ठाऊक होतं. त्या दिवशी दलदलीत आम्ही दोघेच भाऊ होतो. पहिल्याच झटापटीत माझा भाला मोडला. मग ते धूड लॅम्पोनकडे वळलं मात्र, आमच्या वीराने हातातला भाला टाकला आणि पायाला भिंगरी लावून पळत सुटला. तिने त्याला गाठलं आणि मागून फाडलं. मी त्याचा भाला उचलला आणि तिच्या बरगडीत घातला. लोक धावत आले तेव्हा त्यांना काय दिसलं? भाऊ मरून पडलेला, आणि जनावरात रुतलेल्या भाल्याच्या दांड्यावर भावाची खूण. सगळ्यांनी त्याच्याच नावाने टाहो फोडला. आईने माझा हात धरून विचारलं, माझं लेकरू शूरासारखं गेलं ना रे? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पण आई गेल्यावर मी मनातल्या मनात त्या गोष्टीला धार लावत बसायचो. एक दिवस मेलिताला सांगेन, मग बघू अंजिरं कुणासाठी पडतात ते.

काल वीराचा सण होता. मेलिताने ससा शिजवला होता. मांडीचा पहिलाच तुकडा तिने उचलला आणि तो पडला. पडला कसला, तिने सोडला. बोटं उघडताना मी पाहिली. माझं टाळकं सटकलं. वाकलो, तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

ती पांढरीफटक पडली. थुंका म्हणाली, वीराचा आहे तो, पाप लागेल.

"कसला वीर?" मी चावत म्हणालो. "पळपुटा होता तुझा लॅम्पोन. भाला टाकून पळाला. ते जनावर मी मारलं, मी."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला खोटा पाडेल. तिने हात पुसले.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आईंचे हात थरथरत होते, म्हणून तुमच्या भावाला शेवटची आंघोळ मी घातली. छातीवर ओरखडासुद्धा नव्हता. सगळ्या जखमा पाठीवर."

"ठाऊक होतं? मग हे घास कशाला टाकतेस?"

"जीव होता माझा त्यांच्यावर. भित्र्या माणसावर जीव बसत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

ती उठली, भांडी गोळा केली आणि दाराशी थांबली.

"आणि तुमच्याशी लग्न का केलं, ते कधी विचारलंत? सगळी दरी त्यांचं नाव घेत होती, आणि ज्याने डुकरीण मारली तो गप्प उभा होता. भावाची लाज झाकून. म्हटलं, एवढं मोठं मन कुणाचं असतं? अकरा वर्षं घास त्यांना दिले. पण आजपर्यंत तुमच्याइतकं मी कुणालाच मानलं नाही हो."

ती बाहेर गेली. मी दारापर्यंत धावलो आणि हाक मारली. तिने वळून पाहिलं, शेजारच्या माणसाकडे पाहतात तसं.