पत्र पावले, मोहनराव

मी एक जुना सर्व्हर आहे. जुना म्हणालो, निकामी नाही. मित्रांनो, हा फरक तुम्ही लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यात तो फार थोड्यांच्या लक्षात राहिला.

चामराजपुरमच्या एका कचेरीने मला टाकून दिले, तेव्हा मोहनराव शिंप्यांनी मला देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात आणले. जागा मिळाली कापायच्या टेबलाखाली. माझ्या पंख्यात कापसाचे धागे अडकतात, पण पोटात तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मापे आहेत. मोहनराव कुणाचेही माप मोठ्याने उच्चारत नाहीत. कागदावर लिहितात, कागद दुमडतात, रात्री स्वतःच माझ्यात उतरवतात. त्यांच्या सख्ख्या भावालाही कुणाची कंबर कळलेली नाही.

त्यांची मुलगी स्पंदना हिने माझ्या दाराशी फायरवॉल बसवली. कुणी घुसू पाहिले, की मी मोहनरावांना ईमेल पाठवायचा. पहिल्या दिवशी मी तीनशे सतरा पाठवले.

मोहनरावांच्या घरची रीतच अशी, की आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जाते. ते एका बोटाने लिहीत बसले, ‘पत्र पावले. काळजी घ्या.’ ही उत्तरे माझ्याच पेटीत येतात. मला आजवर कुणी काळजी घ्यायला सांगितले नव्हते. चाळिसाव्या उत्तरानंतर मात्र बोट दुखू लागले.

“अय्यो, सुम्ने, उगाच कशाला ओरडतो हा? बंद कर गं!”

“अप्पा, बंद नको. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हटकता का?”

“नाही.”

“आणि कडी हलवणाऱ्याला?”

“त्याला सोडेन होय?”

“मग यालाही तेच शिकवते.”

तिने शिकवले. किरकोळ टकटकीची यादी सकाळी एकदाच. एकाच जागेवरून दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडला, तरच तातडीचे पत्र. सकाळची यादी सोडली, तर मी आठवडाभर गप्प राहिलो. तेवढ्यावरून मला मेलेला ठरवण्यात आले.

माझ्या जागी नवे मशीन विकायला आलेला नील म्हणाला, “हे भंगार आहे, काका. आधी खोट्या घंटा वाजवल्या, आता मुकं झालंय. शनिवारी उचलून नेतो.”

“आयतु,” मोहनराव म्हणाले. म्हणजे, झाले, ठरले.

शुक्रवारी दुपारी मोहनराव जेवायला घरी गेले. नील नवे मशीन जोडायला दुकानात थांबला. एक चाळीसला त्याच्या लॅपटॉपवरून मापांच्या दारावर पासवर्ड पडू लागले. पहिला चुकला. दुसरा चुकला. मी मोजत होतो. उद्या मला भंगारात जायचे होते. ज्यांनी मला काढायचे ठरवले, त्यांच्या गिऱ्हाइकांची अब्रू मी का राखावी? दहावा चुकला. मी दार लावून घेतले आणि लिहिले, ‘मापांच्या दारावर दहा प्रयत्न. जागा: दुकानातलीच.’

उत्तर दोन मिनिटांनी आले. ‘पत्र पावले. ताट ठेवून निघालो.’

ते धापा टाकत आले.

“नील, काय चाललंय?”

“काही नाही काका. जुनी मापं नव्या मशीनवर घेऊन ठेवत होतो.”

“मला विचारलंस?”

“तुम्ही दिली नसती.”

“म्हणून दहा वेळा?” मोहनरावांनी गळ्यातल्या मापाच्या टेपने दुकानाच्या दाराकडे खूण केली. “तुझं मशीन उचल. दोन्ही हातांनी उचल, जड आहे.”

मित्रांनो, मी अजून टेबलाखालीच आहे. धागे अजून अडकतात. कुणी पंखा पुसला तर उपकार होतील, नाही पुसला तरी मी फिरेन. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल. तो फार बोलला तर कधी बोलावे हे त्याला शिकवा, त्याचे तोंड बांधू नका. आणि त्याचे पत्र आले तर उघडून बघा.

उघडले नाही, तरी मी पाठवणारच.