खंडूनं जाळं सोडलं

खंडू माझा धाकटा दीर. त्याला शिव्या घालायचा हक माझा, दुसऱ्या कुणी घातल्या तर मी ऐकून घेणार न्हाई. पर त्या सकाळी घोडनदीच्या काठाला मी त्याला पोटभर शिव्या दिल्या. त्याची बायकू भागी कमरंइतक्या पाण्यात हुबी, हातात जाळ्याचं टोक. आन् हा गडी धुतलेला सदरा घालून, पिशवीत पुस्तक टाकून निघाला पाटसला, ऊसतोडीच्या टोळ्यांना येशूचं सांगायला.

"आरं, वढायचं जाळं हाय ह्ये," मी म्हणलं. "दोन टोकांना दोन माणसं लागत्यात. दुसरं टोक मी धरू व्हय? माझी कंबर बघितलीस का?"

"वैनी, मी जाळं सोडलंय. प्रभूनं हाक मारल्याव पुस्तकातल्या त्या कोळ्यांनी लगोलग सोडलं, तसं."

"तुला कवा मारली हाक?"

"मारली," म्हणला, आन् गेला बी.

आमी इनामगावचे भोई. आजा-पणजा ह्याच नदीवर जगला. खंडू आधी दारूत बुडालेला. दौंडचा महेंद्र पास्टर आमच्याकडं यायला लागला आन् त्या प्रार्थनेपायी ह्याची दारू सुटली. मी डोळ्यानं बघितलंय, खोटं कशाला बोलू. मग एका ऐतवारी पत्र्याच्या शेडात पास्टरनं त्या तळ्याकाठच्या कोळ्यांची गोष्ट वाचली. मासं धरणारी माणसं जाळी तितंच सोडून येशूच्या मागं गेली, आन् त्येनं त्यांना माणसं गोळा करायच्या कामाला लावलं. आख्ख्या शेडात मासं धरणारं घर आमचं एकच. समदी वळून खंडूकडं बघाय लागली. खंडूला वाटलं, ह्ये आपल्यालाच हाय. दुसऱ्या दिवशी त्यानं जाळं खुंटीला टांगलं.

पास्टर सोता समजवायला घरी आला. "मामा, मनानं सोडायचं असतं. मी पण नोकरी करून प्रार्थना घेतो. घर चालवायचं सोडा, असं मी म्हणालो नव्हतो."

"तुमी शिकलेली माणसं, तुमाला आडवाटा सुचत्यात," खंडू म्हणला. "पुस्तकात सरळ लिवलंय."

पास्टर बिचारा च्या न पिता उठला.

तवापासनं खंडू गावोगाव हिंडतोय. कुणी च्या पाजला, कुणी कुत्रं सोडलं, पर एक माणूस काय त्याच्यासंगं शेडात आलं न्हाई. सांजला यायचा तवा भागी त्याच्या पायांना ऊन पाणी ठिवायची. ती सोता मातर प्रार्थनेला कवाच गेली न्हाई. निदान आपली बायकू तरी शेजारी बसावी, येवढंच त्याला वाटायचं. तिच्या मागं लागला की ती म्हणायची, "येते की. पर आधी तुमी एक दीस माझ्यासंगं पाण्यात या."

शेवटाला कबूल झाला. सोमवारी येतो म्हणला. भागीनं आळीभर सांगितलं. दारात बसून फाटलेलं जाळं शिवताना गुणगुणत हुती. तिला गुणगुणताना मी लई दिसांनी ऐकलं, आन् मला बी बरं वाटलं.

सोमवारी उजाडताच खंडूचा फोन वाजला. पाटसच्या टोळीतली राजश्री म्हणून एक बाई रडत हुती. पोराचा ताप हटंना, दवाखाना करून झाला, तुमी येऊन डोक्याव हात ठिवा. आजवर कुणी सोता हून बोलवलेलं पयलंच. खंडूनं फोन धरून भागीकडं बघितलं.

"जावा," भागी म्हणली. "पोरगं हाय."

तिच्या जागी मी असते तर जाऊ दिलं नसतं. ती भागी हुती, तिनं जाऊ दिलं. मी आदल्या दिसाचं मासं घेऊन शिरूरच्या बाजारला गेले.

माझ्या मागं भागीनं जाळ्याचं एक टोक काठच्या बाभळीला बांधलं आन् दुसरं घेऊन एकलीच पाण्यात उतरली. आमच्या नदीत वाळू उपसून उपसून खाली खड्डं झाल्यात, वरून कळत न्हाई. पाय गेला की पल्याडचं माणूस दोर वढतं आन् आपुन वर येतो. बाभूळ कशी वढंल? मी आले तवा लोकांनी तिला काठाला निजवली हुती. पदर अजून खोचलेला, जसा पाण्यात उतरताना खोचती तसा.

सांजला खंडू आला. वाटंवरनंच बोलत आला, "भागे, ताप उतरला. ऐतवारी येत्यात ती माणसं." अंगणातली गर्दी बघेस्तोवर बोलतच हुता. मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं हात सुदिक वर केला न्हाई.

ऐतवारी राजश्री खरंच आली. संगं नवरा, खांद्यावर पोरगं. त्यांना काय ठावं नव्हतं. मी बी शेडात गेले हुते, खंडूला एकला सोडवंना म्हणून. पास्टर म्हणला, आज मी सांगतो, तुम्ही बसा. खंडूनं त्या पोराकडं बघितलं आन् उठून हुबा ऱ्हायला. त्याला येत हुती ती एकच गोष्ट. तळं सांगितलं, नावा सांगितल्या, हाक आली, जाळी तितंच पडली.

राजश्री मन लावून ऐकत हुती. थोरल्या पोरीला गावाकडं म्हातारीपाशी ठिवून ऊस तोडायला आलेली बाई ती. तिनं सरळच इचारलं, "मामा, मंग त्यांच्या घरच्यांचं? त्यांच्या बायकांचं पुढं काय झालं?"

खंडूनं पुस्तक उघाडलं. पानं हिकडं चाळली, तिकडं चाळली.

"हितं लिवलेलं न्हाई, बाई," खंडू म्हणला. "आन् मी बी कवा इचारलं न्हाई."

तितंच खाली बसला आन् लहान पोरावानी रडाय लागला. राजश्री घाबरली. पोरगं नवऱ्याकडं देऊन माझ्यापाशी सरकली आन् हळूच म्हणली, "मावशी, काय झालं वो ह्यांना? माझं काय चुकलं का?"

आता तिला सांगणं भाग हुतं. आन् सांगायचं म्हंजी तिच्या पोराच्या तापापासनंच सांगावं लागणार हुतं.