परत आलेली वर्गणी

"आमचं पैसं माघारी का धाडलं, तेवढं सांगा. काय चुकलं का आमचं?"

सकाळपासून अनसूया हाच प्रश्न ऐकत होती. विचारणारा दरवेळी वेगळा, गाव मात्र एकच, वडूजजवळचं आंबेमळा. काही फोन गावातून येत होते, तर काही फौजेतल्या पोरांचे, पार सीमेवरून, वाऱ्याच्या आवाजातून. तीही एकच उत्तर देत होती. ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेली रक्कम जमली नाही, म्हणून ज्याचे पैसे त्याला परत गेले. तसा नियम आहे. पलीकडचा माणूस "बरं" म्हणून फोन ठेवायचा. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या, तर तिला परवडलं असतं.

अनसूयाचं निम्मं आयुष्य सांगलीतल्या एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत गेलं होतं. दुरुस्तीसाठी म्हणून नाट्यगृह बंद झालं आणि दुरुस्ती काही संपेना. त्याच सुमारास सुमंतने 'पदरमोड' सुरू केलं. सुमंत हौशी नट, वडिलांचं कापडाचं दुकान सांभाळता सांभाळता नाटकं करणारा. कुणाला नाटक करायचंय, कुणाला छोटा सिनेमा, कुणाला कवितांचं पुस्तक. त्याने ते 'पदरमोड'च्या साइटवर मांडायचं आणि ज्याला पटेल त्याने मोबाइलवरून जमेल तेवढा हातभार लावायचा. सुमंतला लोकांशी बोलणारं माणूस हवं होतं, अनसूयाला नोकरी.

पहिली वर्षं मजेची गेली. कोरेगावच्या एका शिक्षकाचा बाहुल्यांचा खेळ उभा राहिला, कडेगावच्या मुलांचा सिनेमा परदेशात दाखवला गेला. वर्तमानपत्रांत फोटो आले. काचेचं ऑफिस आलं, पुण्याचे भागीदार आले आणि त्यांच्याबरोबर नियमही आले. पूर्वी रक्कम थोडी कमी पडली तर सुमंत माणूस बघून चार दिवस वाढवून द्यायचा. आता तारीख उलटली की कॉम्प्युटर कुणाचं तोंड बघत नव्हता. मग साइटवर पैसे जमवलेले दोघेजण ते घेऊन गायब झाले, सिनेमा ना पुस्तक. एकदा देणारे दुसऱ्यांदा देईनात. हळूहळू माणसं कमी झाली, आणि आता त्या काचेच्या ऑफिसात सुमंत, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि अनसूयाचा फोन एवढंच उरलं होतं.

आंबेमळ्याचं नाटक तिनेच आणलं होतं. जत्रेला गावानेच नाटक करायचं ही तिथली जुनी रीत. फौजेतली माणसं नाटकासाठी म्हणून रजा टाकायची. पल्लेदार संवाद म्हणणारा व्हिलन परवापर्यंत बर्फात पहारा देत असायचा. चार-पाच वर्षं ते बंद पडलं होतं. यंदा निवृत्त सुभेदार आकारामतात्यांनी नवं नाटक लिहिलं. लाइट, पडदे आणि सांगलीहून येणाऱ्या दोन नट्या यांचा खर्च 'पदरमोड'वर टाकावा, हे अनसूयानेच त्यांच्या गळी उतरवलं.

आणि तात्यांनी घोळ केला. देवळात बैठक बसली, ज्याने त्याने आपला आकडा बोलला, आणि तात्या निवांत झाले. त्या गावात वर्गणी बोलली की दिली. प्रत्यक्ष पैसे जत्रेनंतर महिन्याने आले तरी कुणी विचारत नाही. शेवटच्या आठवड्यात अनसूयाने फोन करून बजावलं होतं, की तात्या, आकडा अजून पुरा नाही. तात्या म्हणाले होते, "आवं, बोलल्यात नव्हं समदी? मग आलंच की." ते ऐकून तिलाही बरं वाटलं होतं. पण बोललेले पैसे कॉम्प्युटरला कसे दिसणार?

दुपारी आंबेमळ्यातल्याच बनुबाईंचा फोन आला. म्हातारा, पण खणखणीत आवाज.

"बाई, माज्या पोराच्या, शंभूराजच्या मोबाइलवर मेसेज आलाय. शेजारच्या पोरीनं वाचून दावला. शंभूराज माने, तुमचं पैसं परत केल्यात. त्येचं पैसं का नगं झालं तुमास्नी?"

अनसूयाने नेहमीचं उत्तर सुरू केलं आणि म्हणाली, मावशी, जरा मुलाला फोन द्या, मी त्यांना समजावते.

"त्यो न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. फोन मी चालू ठिवलाय."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. शंभूराज फौजेत होता, नाटकात फौजदाराचं काम करायचा. गेला तो लढाईत नव्हे, लष्कराच्या दवाखान्यात काविळीने. गावच्या कमानीवर शहिदांची नावं कोरलीत, त्यात त्याचं बसत नाही. बनुबाईंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, नियम तो नियम. पण जत्रेच्या नाटकात अंक संपला की वर्गणी देणाऱ्यांची नावं माइकवरून पुकारतात. पेन्शनमधून साठवून त्यांनी शंभूराजच्या नावाने पैसे भरले होते. साऱ्या गावासमोर एकदा त्याचं नाव घेतलं जाईल, एवढंच त्यांना हवं होतं.

अनसूयाने फोन ठेवला आणि सुमंतला म्हणाली, मी उद्या आंबेमळ्याला जाते. सुमंतने वाद घातला नाही. तारीख वाढवा म्हणून तो पुण्याला दोनदा बोलला होता आणि दोनदा त्याला नियम वाचून दाखवला गेला होता. "जाऊन काय सांगणार?" एवढंच त्याने विचारलं. ती एसटीच्या वेळा बघू लागली.

विटा, मायणी करत एसटीने वडूज आणि तिथून वडापच्या खचाखच भरलेल्या जीपने आंबेमळा. देवळात तात्यांनी जत्रा कमिटीची चार माणसं जमवली होती. अनसूयाने सांगितलं, चूक आमची समजा, पण पैसे तुमच्या खात्यात परत आलेत, तेच पुन्हा थेट तात्यांकडे द्या, साइट नको नि काही नको. नाटक होऊ द्या.

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई, तुमी सांगताय त्ये खरं हाय. पण द्येवाच्या नावानं दिल्यालं माघारी आलं, की त्येला फिरून हात लावत न्हाईत. आमच्यात वर्गणी माघारी येती ती वाळीत टाकल्याल्याची, न्हाईतर घरात मर्तिक झालं तर. म्हणून तर पोरं तिकडनं फोन करत्यात, की घरी समदी बरी हाईत न्हवं?"

जत्रेत आता नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा होणार होता, त्याचा खर्च एका कंत्राटदाराने उचलला होता. जाहिरातीचा फ्लेक्स वेशीवर लागलाही होता. रजा टाकलेल्या पोरांनी रजा रद्द केल्या होत्या. तात्यांचा आवाज जराही चढला नाही. त्यांनी तिला चहा पाजला आणि एसटीचं तिकीट आम्ही काढतो म्हणाले. त्या चांगुलपणाने अनसूयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बनुबाईंचं घर वरच्या आळीत होतं. त्यांनी तिला पाट दिला, पाणी दिलं. अनसूयाने माफी मागितली. म्हणाली, मावशी, मी कमिटीला सांगून बघितलं, ऑर्केस्ट्राच्या माइकवरून तेवढं नाव घ्या म्हणून. पण वर्गणी माघारी आली त्याचं नाव कसं पुकारायचं, असं त्यांचं म्हणणं.

"खरंच हाय त्येंचं," बनुबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे बघत राहिल्या. "तुजा आवाज चांगला हाय. फोनवर बी कळला मला. तूच घी नाव."

अनसूयाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती बसल्या जागी हळू आवाजात म्हणाली, "कैलासवासी शंभूराज नाथाजी माने..."

"असं न्हाई. भाईर हुबी ऱ्हा. पुकारत्यात तसं, आळीत ऐकू जाऊंदे. आन् त्ये पयलं कैलासवासी काढ."

ती अंगणात जाऊन उभी राहिली. भर दुपारी आळी सामसूम होती. समोरच्या ओट्यावर एक बाई धान्य पाखडत होती, तिच्यासमोर अनसूयाला लाज वाटली. अशी ओरडून बोलायची तिला कधी वेळ आली नव्हती. तिने घसा खाकरला.

"शंभूराज नाथाजी माने, मुक्काम आंबेमळा, यांच्याकडून नाटकास सप्रेम भेट!"

आवाज शेवटाला फाटला. समोरच्या बाईचं सूप थांबलं. तिने मान वर करून पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

बनुबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "आता बस जरा," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.