टाकीतला बुळबुळीत थर

टाकीतल्या दगडांवरचा थर गेला होता. आपोआप नव्हे, तारेचे ब्रश मारून, वर ब्लीचिंग पावडर ओतून घालवला होता. घासून लख्ख झालेले दगड बघून काढेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काढेवाली म्हणजे रंगाच्या कारखान्यातली जंतुतज्ज्ञ. सांडपाण्यातलं विषारी फिनॉल खाणारे जंतू तिने टाकीत सोडले होते, पण ते बेटे टिकतच नव्हते, पाण्याबरोबर वाहून जायचे. मग कॅन्टीनमधून कांद्याच्या साली आणून, उकळून, त्यांचा काढा तिने टाकीत घातला. सालींतल्या रसायनाने जंतूंना चिकटून राहायची बुद्धी दिली. दगडांवर त्यांचा बुळबुळीत थर धरला आणि ते फिनॉलचा फडशा पाडू लागले. लोक हसले, नाव पडलं ते पडलंच. पण ओढ्याकाठी राहणारी मावशी परवाच फोनवर म्हणाली होती, "अगं, विहिरीच्या पाण्याला आता औषधाचा वास येत नाही."

"कोणी केलं हे?"

"मीच सांगितलं," मॅनेजर म्हणाला. "आज पाहणी आहे ना! शी, काय ती घाण साचली होती!"

"ती घाणच पाणी साफ करत होती, साहेब!"

"हळू बोला. पाहुणे आले."

कोणी येणार म्हटलं की या कारखान्यात दिसेल ते घासायचं, रंगवायचं, ही जुनीच खोड. पाणी कसंही असो, टाकी चकाचक हवी! पाहणीचे साहेब वाकून बघत म्हणाले, "वा, टाकी असावी तर अशी." मॅनेजर फुलून गेला.

काढेवालीने जाऊन ओढ्याकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह गच्च आवळला.

"अहो, हे काय?" मॅनेजर धावला. "टाकी भरून वाहील! कारखाना बंद ठेवावा लागेल!"

"ठेवा. नवा थर धरायला महिना लागेल. तोवर हे विष माझ्या मावशीच्या विहिरीत जाणार नाही."

साहेब गोंधळले. "पण पाणी साफ करायची व्यवस्था आहे ना तुमच्याकडे?"

"होती," ती म्हणाली. "आज सकाळीच तुमच्या स्वागतासाठी मारून टाकली."