उरलेलं वादळ

बाबा तळघराच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले, दाराला पाठ लावली आणि दोन्ही पाय भिंतीला रोवले.

"आता कुणी बाहेर जायचं नाही," ते म्हणाले.

बाहेर चिडीचूप झालं होतं. पाच मिनिटांपूर्वी डोक्यावरचं घर कुणी मुळासकट उपटतंय असा आवाज होत होता. आता अंगणातल्या शेडकडून तेवढं पत्र्यावर ठोकल्याचं ऐकू येत होतं. टक, टक. मग बराच वेळ काही नाही. लेकीचा सगळा जीव त्या आवाजात अडकला होता. गॅसची टाकी बंद करून आलोच, म्हणून नवरा सायकल दुरुस्तीच्या शेडमध्ये गेला, तो आलाच नव्हता.

"बाबा, ते अडकलेत तिथं. सरका ना."

"वारा पडलाय म्हणून फसू नकोस. हा वादळाचा डोळा आहे, मधली शांत जागा. अर्धं वादळ अजून यायचंय, तेही उलट्या दिशेनं."

जन्मभर समुद्रकाठी होड्या बांधलेला हा माणूस सहा महिन्यांपूर्वी लेकीकडे राहायला आला होता. इथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. आल्यापासून जावयाच्या एकूण एक खिळ्याला नावं ठेवून झाली होती, आणि जावईही काही कमी नव्हता. मुद्दाम वाकडे खिळे ठोकून त्यांना बघायला बोलवायचा.

"बाबा, हे तुमचं चक्रीवादळ नाही. ते समुद्रावरून येतं, शेकडो मैल पसरतं, दिवस दिवस हटत नाही. डोळा त्याला असतो. हा टॉर्नेडो होता. ढगातून उतरतो, चार घरं भुईसपाट करतो आणि जातो. त्याचं अर्धं काही मागे राहत नाही."

"नाव काहीही दे. शांतता तीच आहे."

टक. या वेळी फारच हलका.

ती धावत पायऱ्या चढली आणि तिने त्यांचा दंड धरून ओढला. त्यांनी दाराची कडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. बाबांना असं घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"तुझी आई अशाच शांततेत बाहेर गेली, ती परत आली नाही."

"माहीत आहे. तुमची नजर चुकवून गेली ती." लहानपणापासून तिला हेच सांगितलं होतं.

"नजर चुकवून नाही गं. शेजारीण हाका मारत होती. ऊन पडलं होतं. मीच म्हणालो, जा. दार मीच उघडून दिलं."

तिने त्यांचा दंड सोडला नाही.

"बाबा, ते मरतील हो."

बाबा थोडा वेळ कान देऊन बसले. मग उठले, खुंटीवरचा दोर काढून कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"तू इथंच थांब. जावईबापूंकडे मी जातो. वारा फिरला की ओढ. नाही ओढवलं तर सोडून दे आणि दार लाव."

त्यांनी दार उघडलं. जिन्यावर ऊन आलं. वारा फिरणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने दोराचे दोन वेढे मनगटाला घेतले आणि चौकटीला पाय लावला. फाटक्या पत्र्यांमधून बाबा शेडकडे चालले होते, मान खाली घालून, नसलेल्या वाऱ्यात वाकून. तिथं पोचल्यावर ते गुडघ्यांवर बसले.

"आहेत! जिवंत आहेत!" ते ओरडले. "दोर सोडू नकोस!"

"नाही सोडत," ती म्हणाली.