रिकामा रकाना

शहर बंद, दुकानं बंद, हॉस्पिटलचं फाटकही नातेवाइकांना बंद. आतल्या माणसाची खबर घ्यायला उरला फक्त फोन. चौकशीच्या सहा लाइनी होत्या आणि त्या उचलायला ती एकटी. जोडीची ऑपरेटर तापाने घरी पडल्यापासून सकाळी सात ते संध्याकाळी सात हा किल्ला तिलाच लढवावा लागे. मोबाइल पिशवीत घालून कपाटात कुलूपबंद. पाणीही प्यायचं ते एका कानाशी फोन धरून.

कामाची रीत तशी साधी. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला वॉर्डांतून यादी यायची. पेशंटचं नाव, खाटेचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द: स्थिर, गंभीर किंवा सुधारणा. तेवढा वाचून दाखवायचा. रकाना रिकामा असला तर माणूस गेला. पण ते चौकशीवाल्यांनी सांगायचं नाही. "डॉक्टर तुम्हाला थोड्या वेळात फोन करतील, फोन जवळ ठेवा," एवढंच म्हणायचं आणि पुढची लाइन घ्यायची. हा नियम ज्या कोणी शहाण्याने केला, त्याने जन्मात कधी तो फोन उचलला नसणार. ते वाक्य ऐकलं की पलीकडचं माणूस गप्प होई, मग हळूच "बरं" म्हणे. त्या "बरं"चा तिने धसका घेतला होता.

आणि गेले चार दिवस त्याच यादीत तिच्या बाबांचं नाव होतं.

बाबा म्हणजे तिच्या संसाराचा अर्धा भार. नवरा तीन वर्षांपूर्वी वेगळा राहायला गेला तेव्हापासून दहा वर्षांच्या नातीचं शाळा-जेवण-अभ्यास सगळं तेच बघत. नात दिवसभर कुरकुर नाहीतर बडबड करी, म्हणून त्यांनी तिचं नाव 'किटली' ठेवलं होतं. घरातला फोन ही तर बाबांची जहागीर. वाजला रे वाजला की हातातलं काम टाकून "थांबा, थांबा, मी घेतो," करत उठायचे. दुसऱ्या कोणी उचलला तर दिवसभर फुगून बसायचे.

सोमवारी सकाळी त्यांना धाप लागली आणि तिनेच त्यांना इथे आणून दाखल केलं. फॉर्मही तिनेच भरला. 'संपर्क क्रमांक' पाशी पेन क्षणभर थांबलं. मोबाइल दिवसभर कुलपात. चौकशीची लाइन कोणाला लागेल तर शपथ, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? मग हाताने आपसूक घरचा नंबर लिहिला. हा फोन कधी कोणी उचलला नाही असं झालंच नव्हतं. उचलणारा माणूस समोर स्ट्रेचरवर पडला आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

तपासणीत दोघी मायलेकी सुटल्या, एवढंच काय ते नशीब. आता किटली दिवसभर घरी एकटी असायची. शेजारच्या काकू दाराबाहेर ताट ठेवून जात. दुपारी एकदा ती चौकशीच्या नंबरवर फोन करी, लागेपर्यंत लावत राही, आणि लागला की घाईघाईत म्हणे, "आई, मी. एकच मिनिट. आजोबा?" काल दुपारी यादीत 'सुधारणा' होतं. ते सांगताना हिचाच आवाज फुटला होता आणि पोर तिकडे ओरडत घरभर नाचली होती.

आज तीनला रखवालदाराने यादी दाराखालून आत सरकवली. तिने बाकी काही न बघता खाली बोट नेलं. बाबांचं नाव. खाट बावीस. पुढे काही नाही.

तिने कागद उजेडात धरून पाहिला. वरची ओळ, खालची ओळ, पुन्हा तीच ओळ. समोर लाइनी वाजत होत्या. बाबा गेले, हे तिने मनात एकदा म्हटलं आणि रडू येणार, तोच तिला आठवलं. डॉक्टर फोन करतील. नातेवाइकाला. फॉर्मवरच्या नंबरवर.

तिने वॉर्डचा नंबर फिरवला. सिस्टरने उचलला आणि तिचा आवाज ओळखला.

"ताई, मी तुम्हालाच..."

"डॉक्टर कुठे आहेत?"

"बाजूच्या खोलीत. फोन करायला बसलेत."

"थांबवा त्यांना. तो नंबर घरचा आहे हो. घरी माझी पोर एकटी आहे. दहा वर्षांची!"

सिस्टर रिसीव्हर तसाच टाकून धावली. हिने दुसऱ्या लाइनीवर घरचा नंबर लावला. एंगेज. तोडला, पुन्हा लावला. एंगेज. लोक तिला रोज शिव्या घालत, की बाई, तुमचा फोन सारखा एंगेज लागतो. त्या शिव्या किती खऱ्या होत्या ते तिला आज कळलं. माणूस गेला हे सांगायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. मग एवढा वेळ तिकडे काय चाललं होतं? आपल्याच हाताने लिहिलेल्या त्या नंबराचा तिला इतका राग आला, की तिने मूठ टेबलावर आपटली.

आठव्यांदा रिंग गेली.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"किटली, मी. आत्ता कोणाचा फोन होता?"

"कोणाचा नाही. राँग नंबर होता."

एरवी खोटं बोलताना ही पोर चारदा अडखळायची. आज आवाज अगदी सरळ होता.

"तू जेवलीस का, आई?"

"अजून नाही."

"मग आधी डबा खा. पाणीपण पी. आणि आज लवकर ये हं. आल्यावर बोलू आपण."

पोर तिला सांभाळत होती. जे सांगायचं ते तिने गिळलं होतं, आणि वर आईच्या जेवणाची चौकशी करत होती. असलं शहाणपण या वयात आपल्या लेकराला यावं याचं तिला भयंकर वाईट वाटलं.

"डॉक्टर काय म्हणाले, बाळा?"



"त्यांनी विचारलं, घरात मोठं कोणी आहे का. मी म्हटलं, मीच आहे. त्यांना खरं वाटेना. सारखं तेच विचारत होते. मग मी म्हटलं, माझी आई कामात असते, तिला फोन लागत नाही, मला सांगा, मी सांगते तिला. पण मी तुला घरी आल्यावर सांगणार होते. तिथे तुझ्याजवळ कोणी नसतं ना."

"मला माहितेय, राणी. यादी आली."

"माहितेय? नक्की? आजोबांचं?"

"हो."

पलीकडे श्वास जोरजोरात ऐकू यायला लागला.

"मग आता मी रडू?"

"रड," ती म्हणाली. बाकीच्या लाइनी वाजत होत्या. तिने त्या वाजू दिल्या.